हौदातली बाहुली

गेल्या श्रावणात आतेभावानं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘शेवटी आपली गल्ली आहे, बघ.’ दोन तरुण मुलं कात्रजच्या तळ्यापासून निघून पेशवेकालीन नळाचा माग काढत पुण्यात येत होती. डोक्याला विजेरी बांधून ती एका उच्छ्वासातून खाली उतरली आणि मी हातातला चहा खाली ठेवला. माणूस उभ्यानं चालेल एवढा उंच दगडी बोगदा. भिंतींवर ओल, पायाशी पाणी. नानासाहेब पेशव्यांनी 1750च्या सुमारास हे पाणी शहरात आणलं, तेही केवळ जमिनीच्या उतारावर. वाटेत ठिकठिकाणी हे उच्छ्वास ठेवले, म्हणजे आतली हवा सुटेल, दाब मोकळा होईल, गाळ काढायला माणूस उतरेल. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावं आम्ही जन्मभर पत्ता सांगायला वापरली. ते सगळे एकाच घराण्यातले, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतं.

आजीकडून यातलं एकच पान ऐकलं होतं. 12 जुलै 1961ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही गेलं. पूर ओसरला, पण नळाला पाणी नाही. शहराचं पाणी यायचं ते खडकवासल्याचंच. तेव्हा पेठांमधले जुने हौद आणि वाड्यांतल्या विहिरी कामी आल्या. आजी सांगायची, “चिखलातनं हंडे घेऊन गेलो गं. सगळं गाव वाहून गेलं, पण पेशव्यांचं पाणी तेवढं निवळशंख होतं.” तिच्या आवाजात कौतुक असायचं. ते पाणी कुठून येतं हे तिला नीट ठाऊक असावं. आम्हीच कधी विचारलं नाही.

व्हिडिओ फरासखान्यापाशी येऊन थांबला. तिथला बाहुलीचा हौद. ‘बाहुलीच्या हौदापाशी उतरा’ हे वाक्य मी किती रिक्षावाल्यांना म्हटलं असेल! लहानपणी आजी दरडावायची, “हौदात वाकून बघू नकोस, बाहुली ओढून घेते.” लाकडी, लाल लुगड्यातली, पाण्याखाली डोळे उघडे ठेवून बसलेली बाहुली मी कितीदा स्वप्नात पाहिली आहे.

बाहुली ही मुलगी होती. डॉ. विश्राम रामजी घोले यांची थोरली लेक काशीबाई, लाडानं बाहुली. घोले म्हणजे नामांकित शल्यविशारद, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक समाजातले सहकारी. त्यांनी मुलीला शिकवायला घेतलं. भाऊबंदांना ते खपलं नाही आणि त्यांनी कुटलेली काच खाऊत घालून तिला मारलं, अशी हकिगत सांगतात. जेमतेम आठ वर्षांचं पोर. वडिलांनी तिच्या आठवणीसाठी हौद बांधला आणि तो सर्व जातींना खुला ठेवला. हे केवढं मोठं काम होतं, ते त्या काळाच्या पाण्याचा हिशेब मांडला की उमगतं. आजी ज्या पाण्याचं कौतुक करायची, त्याला हात लावायची मुभा पूर्वी सगळ्यांना नव्हती. फुल्यांनी 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी उघडला, तेव्हा पुण्यात केवढं काहूर उठलं होतं. आणि इथे एका बापानं दुःख आवरून, ज्यांना कुणी पाणी देत नव्हतं त्यांच्यासाठी पाणी ठेवलं. मला त्या माणसापुढे हात जोडावेसे वाटले. घोले रस्त्यावरून मी कॉलेजला जात होते, चार वर्षं, रोज.

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन आत्याकडे गेले. पानशेतच्या वेळी आत्या अठरा वर्षांची होती. आता तिला कमी दिसतं, म्हणून फोन नाकाशी धरते. बोट लागून व्हिडिओ सारखा थांबत होता, मी पुन्हा सुरू करत होते. खाऊ आणि काच हे शब्द आले तशी ती स्वतःच थांबली. फोन उपडा ठेवला.

“लाडूच होता तो,” ती म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“नाव नव्हतं माहीत. पण आई आम्हा बहिणींना कधी अख्खा लाडू हातात द्यायची नाही. फोडून, कण बोटानं चाचपून द्यायची. परक्याकडे गेलं तरी, मुलींनी लाडू फोडून खायचा. भावांना तसंच तोंडात टाकायची परवानगी. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, ‘माझ्या सासूनं सांगितलंय.’”

आजी मलाही तसाच द्यायची. दिवाळीला बेसनाचा लाडू माझ्या पुढ्यात कायम दोन तुकड्यांत यायचा आणि दादाचा आख्खा. मला वाटायचं, मुलगी म्हणून मला अर्धा. त्यावरून मी तिच्यावर रुसलेसुद्धा आहे.

आत्या उठली. डबा काढला. तिची नात शाळेतून नुकतीच आली होती, दप्तरही उतरवलं नव्हतं. आत्यानं लाडू घेतला, अंगठ्यानं मधोमध दाबून फोडला, आतला रवा बोटांनी मोकळा केला आणि तिच्या तळहातावर ठेवला.