हार कोणी कबूल करायची? काझुशी साकुराबाच्या कारकिर्दीविषयी

रोलाँ बार्थ यांच्या १९५७ सालच्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकातला पहिलाच निबंध कुस्तीवर आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पॅरिसच्या उपनगरांतील व्यावसायिक कुस्ती हा खेळ नसून प्रयोग आहे आणि निकाल आधी ठरलेला आहे की नाही याच्याशी प्रेक्षकाला कर्तव्य नसते, असे बार्थ यांचे म्हणणे. वर्गात हा निबंध शिकवताना आपल्याकडची मुले नेमकी इथेच अडतात. ठरवून खेळलेल्या कुस्तीला आपण 'नूरा कुस्ती' म्हणतो आणि राजकारणाच्या बातम्यांत तर तो शब्द आरोप म्हणूनच येतो. प्रेक्षकाला फरक पडत नाही हे आपल्या गळी उतरत नाही.

जपानी प्रेक्षक या दोन टोकांच्या मध्ये उभा होता. तेथील व्यावसायिक कुस्तीचे निकाल पूर्वनियोजित असत. पण हे पहिलवान मनात आणले तर खरोखरच कोणालाही हरवतील, अशी श्रद्धाही जपली जात असे. काझुशी साकुराबा या लढवय्याची कारकीर्द म्हणजे ही श्रद्धा खरी करून दाखवण्याची खटपट आहे, असे मला वाटते.

साकुराबाचा जन्म १९६९ सालचा, उत्तर जपानमधील आकिता प्रांतातला. लहानपणी त्याच्यावर 'टायगर मास्क' या व्यक्तिरेखेचे गारूड होते. या व्यक्तिरेखेचा प्रवास मुळातच विलक्षण आहे. इक्की काजिवारा यांनी लिहिलेल्या चित्रकथेतला हा वाघाचा मुखवटा घातलेला मल्ल १९६८ मध्ये प्रथम अवतरला. १९८१ मध्ये सातोरु सायामा नावाचा हाडामांसाचा पहिलवान तोच मुखवटा चढवून रिंगणात उतरला. आणि दोन वर्षांनी मुखवटा उतरवून हाच सायामा ठरवाठरवीच्या कुस्तीतून बाहेर पडला व त्याने 'शूटो' या खऱ्या, मिश्र लढतींच्या प्रकाराचा पाया घातला. चित्रकथेतून रंगभूमीवर आणि रंगभूमीवरून वास्तवात असा हा उलटा प्रवास साकुराबाच्या पिढीने डोळ्यांदेखत पाहिला होता.

विद्यापीठात कुस्ती खेळून साकुराबा नोबुहिको ताकादाच्या यूडब्ल्यूएफआय या संस्थेत उमेदवारी करू लागला. तेथील लढती दिसायला खऱ्यासारख्या असत, निकाल मात्र ठरलेले. तालीम मात्र खरीच होती. इंग्लंडमधील विगन या खाणकामगारांच्या गावी बिली रायली यांची एक जुनी तालीम होती. तेथे घडलेले बिली रॉबिन्सन हे यूडब्ल्यूएफआयमध्ये वस्ताद होते आणि सांधे पिरगाळून प्रतिस्पर्ध्याला जेरीस आणण्याची त्यांची विद्या साकुराबाने आत्मसात केली. (जाता जाता एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. जपानी पहिलवानांच्या तालमीत नवशिक्याला शेकड्यांनी ज्या उठाबशा काढाव्या लागतात, त्यांना तेथे 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात. आपल्या तालमीतली बैठक ती हीच.)

या जगाला पहिला मोठा तडा गेला तो १९९७च्या ऑक्टोबरात. 'प्राइड' या नव्या खऱ्या स्पर्धेच्या पहिल्याच प्रयोगात, टोकियो डोममध्ये, ब्राझीलच्या रिक्सन ग्रेसीने ताकादाला पाच मिनिटांच्या आत हार कबूल करायला लावली. पडद्यावर राजा शोभणारा नट खऱ्या तलवारीपुढे उभा केल्यावर जे व्हायचे तेच झाले. ग्रेसी घराणे हे या क्षेत्रातले मोठे घराणे होते. ब्राझीलमध्ये पोहोचलेल्या जपानी ज्युदोला वेगळे वळण देणारे, आणि खऱ्या लढतीत आपल्यासमोर कोणी टिकत नाही असा दावा करणारे.

दोन महिन्यांनी, २१ डिसेंबर १९९७ रोजी, योकोहामा येथे साकुराबा मार्कुस सिल्वेरा या कितीतरी भारी ब्राझिलियन मल्लाशी लढला. ठोसे चुकवत त्याने पाय धरण्यासाठी खाली सूर मारला. पंचांना वाटले, गडी बेशुद्ध पडला. त्यांनी लढत थांबवली. साकुराबा रिंगणातून हलायला तयार होईना. अखेर निर्णय मागे घेण्यात आला, त्याच रात्री दोघे पुन्हा लढले आणि साकुराबाने सिल्वेराचा हात आवळून त्याला हार मानायला लावली. त्यानंतर ध्वनिवर्धकावरून त्याने जे सांगितले त्याचा आशय एवढाच होता की व्यावसायिक पहिलवान खरोखर ताकदवान असतात.

येथे हार या गोष्टीचाच थोडा विचार करायला हवा. मातीतल्या कुस्तीत पाठ जमिनीला लागली की निकाल लागला. तो हजारोंना दिसतो, हरणाऱ्याला कोणी विचारत नाही. मिश्र युद्धकलेत अशी माती नाही. हरणाऱ्याने हाताने थाप मारून हार कबूल करावी, किंवा त्याच्या माणसाने टॉवेल फेकावा, किंवा पंचांनी त्याच्या वतीने ठरवावे. म्हणजे हार ही येथे एक उक्ती आहे, आणि ती कोणी उच्चारायची हा वादाचा विषय होऊ शकतो. साकुराबा आणि ग्रेसी यांच्यातील सगळे वैर या एका प्रश्नाभोवती फिरते.

त्याची पूर्वपीठिका १९५१ची आहे. जपानचा अजोड ज्युदोपटू मासाहिको किमुरा याने रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये घराण्याचे कर्ते हेलिओ ग्रेसी यांचा हात पाठीमागे पिरगाळला. हाड मोडले तरी हेलिओंनी थाप मारली नाही. शेवटी थोरले बंधू कार्लोस यांनी टॉवेल फेकला. त्या डावाला ब्राझीलमध्ये 'किमुरा' हेच नाव पडले. विजेत्याचे नाव हरलेल्यांनी जपून ठेवल्याचे असे उदाहरण विरळा. स्वतः किमुराच्या वाट्याला मायदेशी ठरवाठरवीच्या कुस्तीतली मानहानी आली. १९५४ मध्ये रिकिडोझानशी झालेली लढत बरोबरीत सोडवायचे ठरले होते असे त्याचे म्हणणे. प्रत्यक्षात रिकिडोझानने संहिता बाजूला ठेवून त्याला लोळवले.

१९९९च्या नोव्हेंबरात साकुराबाने हेलिओंचा मुलगा रॉयलर याला याच किमुरा डावात धरले. रॉयलरने थाप मारली नाही. वेळ संपायला दोनेक मिनिटे उरली असता पंचांनीच लढत थांबवली. आमच्या माणसाने हार कबूल केलेली नाही, हा निकाल आम्हाला मान्य नाही, असे घराण्याने म्हटले. आणि पुढच्या वर्षी धाकटा भाऊ रॉयस उतरणार होता तेव्हा त्यांनी अटी घातल्या: वेळेची मर्यादा नको आणि पंचांनी मध्ये पडायचे नाही.

१ मे २००० रोजी टोकियो डोममध्ये झालेली ही लढत दीड तास चालली. पंधरा पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या. साकुराबा रिंगणात आला तो एकसारखे मुखवटे घातलेल्या आणखी दोघांना बरोबर घेऊन. तिघांतला खरा कोणता हे कळू नये म्हणून. रॉयस ज्युदोचा जाड अंगरखा घालून लढे. साकुराबाने तोच अंगरखा त्याला अडकवायला वापरला, मध्येच त्याची विजार खाली ओढली, आणि हे सगळे करताना तो हसत होता. प्राणपणाच्या लढतीत प्रहसनाची ही पेरणी काहींना थिल्लर वाटली. मला तसे वाटत नाही. ज्या रंगभूमीने त्याला वाढवले तिची भाषा तो खऱ्या लढाईत बोलत होता. पायांवर बसलेल्या लाथांनी रॉयसला उभे राहणे कठीण झाले आणि सातव्या फेरीआधी भाऊ रॉरियन याने टॉवेल फेकला. एकोणपन्नास वर्षांनी पुन्हा एका भावानेच.

यानंतर त्याच रात्री साकुराबा त्याच्याहून बराच भारी असलेल्या इगोर वोव्हचान्चिन या युक्रेनियन मल्लाशी आणखी पंधरा मिनिटे लढला. पुढची फेरी सुरू होण्याआधी टॉवेल आला, या वेळी त्याच्या स्वतःच्या कोपऱ्यातून. ऑगस्टमध्ये त्याने रेन्झो ग्रेसीचे कोपर किमुरानेच निखळवले. रेन्झोनेही थाप मारली नाही. डिसेंबरात रायन ग्रेसीही हरला. लोक त्याला 'ग्रेसी हंटर' म्हणू लागले.

एवढ्यावर थांबता आले असते तर! २००१ मध्ये प्राइडने जमिनीवर पडलेल्याच्या डोक्यावर गुडघे आणि लाथा मारायला मुभा दिली आणि त्याच नियमांखाली वांडरले सिल्वाने त्याला दोन मिनिटांच्या आत संपवले. पुढे सिल्वाकडून तो आणखी दोनदा हरला. मिर्को क्रो कॉपने २००२ मध्ये त्याच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले. आपल्याहून वजनदार माणसांसमोर त्याला उभे करणे हा आयोजकांचा ठरलेला परिपाठ झाला, कारण लहान चणीचा माणूस राक्षसाशी लढतो ही गोष्ट विकली जात होती. अर्थात तोही नाही म्हणत नव्हता. २००६ मध्ये प्राइड सोडून तो 'हीरोज' या प्रतिस्पर्धी स्पर्धेत गेला, आणि पहिल्यांदा तेथे समोर आला तो टायगर मास्कचा मुखवटा घालून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केस्तुतिस स्मिर्नोवासच्या ठोशांनी तो जवळजवळ शुद्ध हरपून बसला होता. पंचांनी लढत थांबवली नाही. साकुराबा कसाबसा सावरला आणि हात आवळून जिंकलासुद्धा. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. जाणकारांनी मात्र पंचांवर कडक टीका केली, आणि ती योग्यच होती. मेंदूच्या रक्तपुरवठ्याच्या तक्रारीमुळे त्याला त्याच वर्षी इस्पितळात दाखल व्हावे लागले.

योकोहामाला ज्या माणसाने पंचांचा 'हरलास' हा शब्द नाकारून आपली कारकीर्द उभी केली, त्याच्यासाठी आता तोच शब्द उच्चारायला कोणी धजेना. श्रद्धा जपायची तर तिचा देह किती वापरायचा, हे ठरवणारे माणूस त्या व्यवस्थेत नव्हते. थाप न मारणाऱ्या ग्रेसींना निदान भाऊ तरी होते.

२०१५च्या डिसेंबरात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, तो शिन्या आओकीसमोर उभा राहिला. आओकी वर बसून ठोसे मारत राहिला, साकुराबा निपचित सोसत राहिला, आणि अखेर त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. २०१७ मध्ये अमेरिकेतील यूएफसीने त्याला आपल्या मानकऱ्यांत स्थान दिले. २०१८ मध्ये त्याने 'क्विंटेट' नावाची स्पर्धा सुरू केली. तेथे ठोसे नाहीत, लाथा नाहीत. फक्त पकडी आणि डाव. एका बाजूला पाच जण. एक हरला की तो उतरतो आणि बाकावर बसलेला पुढचा उठतो.