युनोमी

युनोमी हा जपानमध्ये रोजच्या चहासाठी वापरला जाणारा, उभट घाटाचा, बिनकानाचा भाजलेल्या मातीचा पेला आहे. 'यु' म्हणजे गरम पाणी आणि 'नोमी' म्हणजे पिणे. अर्थात गरम पाणी पिण्याचे भांडे. त्याचे पूर्ण नाव 'युनोमी-जावान' असे आहे. जपानी चहासमारंभात वापरला जाणारा 'चावान' हा रुंद वाडगा जगभर प्रसिद्ध झाला, संग्रहालयांत गेला, त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले. युनोमीच्या वाट्याला हा मान क्वचितच आला. तो स्वयंपाकघरात, कचेरीत, दुकानाच्या गल्ल्याजवळ, आजोबांच्या उशाशी असतो. तरीही हाताने घडवलेल्या भांड्याचे गुणदोष समजून घ्यायचे असतील, तर चावानपेक्षा युनोमीपासून सुरुवात करणे अधिक सोयीचे आहे. कारण त्याची परीक्षा दिवसातून चार-पाच वेळा होते.

घाट आणि अवयव

युनोमीची उंची त्याच्या रुंदीपेक्षा जास्त असते. सर्वसाधारण युनोमी आठ-नऊ सेंटिमीटर उंच व सुमारे सात सेंटिमीटर व्यासाचा असतो. त्यात दीडशे ते दोनशे मिलिलिटर चहा मावतो. पाहुण्यांसाठी वापरला जाणारा 'कुमिदाशी' त्याच्याहून बुटका व पसरट असून तो लाकडी बशीवर ठेवून देतात. सुशीच्या दुकानांतील युनोमी मात्र चांगलाच मोठा व जाड असतो आणि त्यावर पुष्कळदा माशांच्या नावांची चित्राक्षरे रांगेने लिहिलेली असतात. नवराबायकोसाठी एक मोठा व एक लहान अशी जोडी देण्याचीही प्रथा आहे. तिला 'मेओतो' म्हणतात. मोठा पेला नवऱ्याचा, हे वेगळे सांगायला नको.

भांड्याच्या प्रत्येक भागाला जपानी कुंभारांच्या भाषेत स्वतंत्र नाव आहे आणि त्यांतील काही नावे माणसाच्या शरीरावरून घेतलेली आहेत. काठाच्या घडणीला 'कुचिझुकुरी' म्हणतात. 'कुचि' म्हणजे तोंड. मधल्या भागाला 'दो' म्हणजे धड आणि त्याखालच्या वळणाला 'कोशी' म्हणजे कंबर. आतील तळाला 'मिकोमी' असे नाव आहे. बुडाखालच्या गोल कड्याला 'कोदाई' म्हणतात. मराठीतही आपण कपाला कान, घागरीला गळा आणि भांड्याला बूड व तोंड असते असे म्हणतो, तेव्हा ही दृष्टी आपल्याला परकी वाटू नये.

जाणकार मनुष्य पेला हातात घेतल्यावर तो उलटा करून कोदाई पाहतो. झिलई सहसा तिथपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे मूळ माती तेथे उघडी दिसते. कोरण्याच्या हत्याराचा फटका सफाईचा आहे की चाचपडत मारलेला, हेही तेथेच कळते. वरचा भाग रंगाने सजवता येतो; बुडाला लपवाछपवी करता येत नाही.

कान का नाही?

मराठी वाचकाला पहिला प्रश्न हाच पडेल. आपला चहा दूध-साखर घालून खळखळ उकळलेला असतो. तो बिनकानाच्या पेल्यात ओतला तर बोटे पोळतील. म्हणूनच आपल्याकडे कपाला कान आहे आणि खाली बशी आहे. जपानी हिरवा चहा मात्र वेगळ्या रीतीने होतो. 'सेंचा' या प्रकारासाठी पाणी उकळून साधारण सत्तर ते ऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत निवू देतात, नाहीतर चहा कडवट होतो. असा चहा पेल्यात आला की भांड्याची बाहेरची बाजू हाताला सोसण्याइतपत गरम राहते. थोडक्यात, पेला धरवत नसेल तर चहाही अजून पिण्याजोगा झालेला नाही, अशी ही सोय आहे. भाजक्या पानांचा 'होजिचा' अधिक गरम पाण्यात करतात. त्यासाठी जाड भिंतीचा पेला घेतात.

पेला काठोकाठ भरत नाहीत. वरचा चतुर्थांश भाग रिकामा ठेवला की काठ कमी तापतो आणि तेथे बोटे ठेवता येतात. एका हाताने बाजूने धरून दुसऱ्या हाताचा तळवा कोदाईखाली देणे ही शिष्टाचाराची पद्धत आहे, पण तिच्यामागे व्यवहारही आहे: बुडाचे कडे पेल्याचा तापलेला तळ हातापासून आणि मेजापासून अलग ठेवते. हिवाळ्यात दोन्ही हातांनी पेला कवटाळून बसणे हा तर स्वतंत्र आनंद आहे आणि कानाच्या कपाने तो मिळत नाही.

घडण

प्रथम माती मळतात. मळताना तिच्या गोळ्यावर पाकळ्यांसारख्या घड्या उमटतात, म्हणून या मळणीला शेवंतीच्या फुलावरून 'किकुनेरी' असे नाव पडले आहे. मातीत हवेचा फुगा राहिला तर चाकावर भिंत वाकडी होते. मग मातीचा मोठा उंच ढीग चाकाच्या मध्यावर बसवून त्याच्या केवळ शेंड्यातून एक पेला ओढतात, दोऱ्याने कापून बाजूला ठेवतात आणि लगेच पुढचा घेतात. एका ढिगातून असे अनेक पेले निघतात. मराठी मुलखातील कुंभारही पणत्या आणि लहान बोळकी अशीच एका ढिगातून काढतो.

पेले सारख्या मापाचे व्हावेत म्हणून 'तोंबो' नावाचे साधन वापरतात. बांबूच्या उभ्या काडीला एक आडवी काडी बसवलेली असते. उभी काडी खोली मोजते, आडवी काडी व्यास. 'तोंबो' म्हणजे चतुर हा कीटक. पंख पसरलेल्या चतुरासारखे ते दिसते. इतके माप घेऊनही दोन पेले तंतोतंत सारखे होत नाहीत. माती वाळताना आणि भाजताना मिळून दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत आक्रसते, हे ध्यानात घेऊन ओला पेला मोठा करावा लागतो.

ओल अर्धीमुर्धी आटली की पेला चाकावर उलटा ठेवून बूड कोरतात. ही पायरी निर्णायक आहे. कंबरेत माती जास्त राहिली तर पेला दिसायला हलका पण उचलायला जड होतो. जास्त कोरली तर तळाला भोक पडते. चांगला पेला उचलताना डोळ्याने केलेला वजनाचा अंदाज हाताला खरा वाटतो. काठाचेही तसेच आहे. फार पातळ काठ लवकर टवका उडून खराब होतो, तर फार जाड काठावरून चहाची धार ओठावर नीट येत नाही. काठ किंचित गोलसर आणि आतल्या बाजूस थोडा उतरता ठेवणे हा त्यातला मध्यम मार्ग होय.

पहिली भाजणी साधारण आठशे अंशांच्या आसपास होते. नंतर झिलई चढवून पुन्हा बाराशे ते तेराशे अंशांपर्यंत भाजतात. या तापमानाला मातीचे कण एकमेकांत वितळून घट्ट होतात व भांडे पाणी शोषत नाही. अशा भांड्यांना स्टोनवेअर म्हणतात. आपल्या घरातली लोणच्याची तपकिरी-पांढरी बरणी याच जातीची आहे, जरी बोलताना आपण तिला सरसकट चिनी मातीची म्हणतो. गावठी आव्यात भाजलेला कुल्हड याहून पुष्कळ कमी तापमानाचा असतो, म्हणून तो चहा शोषतो आणि मातीचा वास देतो.

झिलई ही मुळात काच आहे. लाकडाची राख, फेल्डस्पार आणि माती यांच्या मिश्रणातूनही उत्तम झिलई होते. रंग मात्र केवळ मिश्रणावर ठरत नाही. तेच लोह भट्टीत भरपूर हवा असताना पिवळसर-तपकिरी रंग देते आणि हवा कोंडून धूर केला की निळसर हिरवा. माशिको गावच्या झिलईचा पिकल्या काकीफळासारखा तांबूस रंग आणि भाताच्या तुसांच्या राखेची दुधी पांढरी झिलई ही दोन्ही लोकप्रिय आहेत.

प्रांतोप्रांतीचे पेले

ओकायामा प्रांतातील बिझेनचा पेला बिनझिलईचा असतो. अनेक दिवस चालणाऱ्या लाकडी भट्टीतील राख आणि ज्वाला हीच त्याची सजावट. आरिता येथे सतराव्या शतकाच्या आरंभी पांढऱ्या पोर्सेलीनची सुरुवात झाली. तेथील युनोमी पातळ, गुळगुळीत आणि निळ्या चित्रांचा असतो. यामागुची प्रांतातील हागीची माती सच्छिद्र असते आणि झिलईत बारीक भेगांचे जाळे पडते. रोजच्या वापराने त्या भेगांतून चहा मुरतो आणि पेल्याचा रंग वर्षानुवर्षे पालटत जातो. याला 'हागीची सात रूपे' म्हणतात. एखादे भांडे वापराने खराब होत नसून पूर्ण होते, ही कल्पना लोखंडी तव्याच्या बाबतीत आपल्या घरांनाही ठाऊक आहे.

या परंपरांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत पुष्कळदा गाळली जाते. तोयोतोमी हिदेयोशी याने 1592 ते 1598 या काळात कोरियावर स्वाऱ्या केल्या. त्या वेळी अनेक कोरियन कुंभारांना जपानमध्ये आणण्यात आले आणि त्यांतील बरेच जण बळजबरीने आणले गेले होते. आरिता आणि हागी या दोन्ही ठिकाणच्या कामाचा पाया कोरियन कुंभारांनी घातला. ब्रशच्या फटकाऱ्यांनी पांढऱ्या मातीचा लेप देण्याची आज 'जपानी' म्हणून ओळखली जाणारी पद्धतही मूळची कोरियन आहे.

लोककला चळवळ आणि तिचा पेच

रोजच्या वापराच्या भांड्यांकडे कला म्हणून पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकात यानागी सोएत्सु (1889–1961) या विचारवंताने दिली. हामादा शोजी आणि कावाई कांजिरो या कुंभारांसह त्याने 1925 च्या सुमारास 'मिंगेई', म्हणजे लोककला, हा शब्द रूढ केला. 1936 मध्ये तोक्यो येथे या वस्तूंचे संग्रहालय उघडले. नाव न सांगणाऱ्या कारागिराने, पुष्कळ संख्येने, स्वस्तात आणि वापरासाठी केलेल्या वस्तूत एक निरोगी सौंदर्य असते, असे यानागीचे प्रतिपादन होते. क्योतोच्या दाइतोकु-जी मंदिरपरिसरात जपून ठेवलेला 'किझाएमोन इदो' हा वाडगा त्याचे आवडते उदाहरण होते. तो मूळचा कोरियातील सामान्य माणसाच्या वापराचा वाडगा होता, असे यानागी मानतो. आज तो जपानची राष्ट्रीय ठेव आहे.

पेच नेमका येथेच आहे. वापरासाठी केलेली वस्तू सुंदर ठरली की तिची किंमत वाढते आणि किंमत वाढली की ती वापरातून उठते. हामादाने (1894–1978) माशिकोत स्थायिक होऊन आयुष्यभर साधी भांडी केली आणि त्यांवर सही करणे सोडून दिले. तरी त्याच्या भांड्यांबरोबरच्या लाकडी पेट्यांवर सही असे, आणि संग्राहक त्या पेट्याही भांड्यांइतक्याच जपतात. 1955 मध्ये जपान सरकारने त्याला 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. कावाईने असा मान स्वीकारला नाही. सामान्य माणसाच्या चहासाठी म्हणून आरंभलेल्या चळवळीतील पेला सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेला, ही टीका रास्त आहे. पण यंत्रावर निघालेल्या पेल्यांच्या रेट्यात माशिकोसारखी गावे टिकली, त्याचे श्रेयही याच चळवळीला द्यावे लागते.

हामादाचा मित्र बर्नार्ड लीच (1887–1979) याने 1920 मध्ये त्याच्याच मदतीने इंग्लंडमधील सेंट आइव्ह्ज येथे भट्टी सुरू केली. तेथे पुढे घरगुती वापराच्या भांड्यांचा एक ठरावीक संच तयार होऊ लागला. त्यातील चहाच्या भांड्यांना कान होता, कारण इंग्रजी चहाला तो हवाच.

भारताशी संबंध

गुरचरण सिंग हे 1920 च्या सुमारास जपानमध्ये मातीकाम शिकले. तेथे त्यांचा यानागी, हामादा व लीच यांच्याशी परिचय झाला. पुढे त्यांनी दिल्लीत काम उभे केले. 1971 मध्ये रे मीकर आणि जपानमध्ये मातीकाम शिकलेल्या डेबोरा स्मिथ यांनी पुदुच्चेरी येथे 'गोल्डन ब्रिज पॉटरी' स्थापन केली. स्टोनवेअरचे हाती केलेले पेले भारतीय घरांत पोहोचण्यात या दोन केंद्रांचा वाटा मोठा आहे. मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत हल्ली बिनकानाचे पेले सर्रास दिसतात. आपला उकळता चहा त्यांत ओतणाऱ्याने जाड भिंतीचा पेला निवडावा आणि तो अर्धाच भरावा.

निवड, वापर व दुरुस्ती

मडके वाजवून घ्यावे हा जुना नियम येथेही लागू पडतो. तळव्यावर पेला ठेवून बोटाने टिचकी मारल्यावर स्वच्छ नाद आला तर तो अखंड असतो. बद्द आवाज आला तर कोठेतरी बारीक चीर असते. सच्छिद्र मातीच्या पेल्यांचा आवाज मुळातच मऊ असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. कोदाई मेजावर फिरवून पाहावी; खरखरीत असेल तर ती मेजाला ओरखडे पाडते. कमी तापमानावर भाजलेल्या झिलईत शिशाचे क्षार असू शकतात व आंबट पेयात ते उतरू शकतात. म्हणून केवळ शोभेसाठी केलेल्या भांड्यातून चहा-सरबत पिऊ नये. सच्छिद्र पेला धुतल्यावर पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर बुडाला बुरशी येते.

फुटलेला पेला 'किंत्सुगी' पद्धतीने जोडतात. 'उरुशी' झाडाच्या चिकाने तुकडे चिकटवून सांध्यावर सोन्याची पूड लावतात. हा चीक कोरड्या हवेत वाळत नाही. त्याला ऊबदार दमट हवा लागते आणि पूर्ण कठीण होण्यास कित्येक आठवडे जातात. उरुशीचे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातील असून, बिब्ब्याप्रमाणेच त्याचा ओला चीक अंगावर उततो. म्हणून कारागीर हातमोजे घालून काम करतात. बाजारात याच नावाने मिळणाऱ्या कृत्रिम गोंदाच्या संचाने जोडलेला पेला शोभेला ठीक असतो. खाण्यापिण्यास सुरक्षित असल्याचे त्यावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर त्यातून गरम चहा पिऊ नये. सोन्याने सांधलेला कोणताही पेला मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाही.