नॉर्मल शाळेतला गुण्या

‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हटलं की आपल्याला हायसं वाटतं. नॉर्मल म्हणजे चारचौघांसारखं, काळजीचं कारण नसलेलं. हाच अर्थ धरून जुन्या कागदांतलं ‘नॉर्मल स्कूल’ वाचलं, तर ती एखादी साधीसुधी शाळा वाटते. तशी ती नव्हती.

लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. गुण्याला बरोबर जुळेल ते ‘नॉर्मालिस’. प्रकाशाचं परावर्तन शिकताना आपण आरशाला काटकोनात स्तंभिका काढायचो. तिला इंग्रजीत आजही नॉर्मलच म्हणतात. पुढे गुण्यावरून नियम आणि नियमावरून नमुना, असा अर्थ सरकत गेला. ऑस्ट्रियात मारिया थेरेसाच्या १७७४ च्या शालेय कायद्यात ‘नॉर्मालशूल’ आली. इतर शाळांनी जिच्याकडे पाहून स्वतःला तपासावं आणि जिथे शिक्षक घडावेत, अशी शाळा. पॅरिसची ‘एकोल नॉर्माल’ १७९४ ची.

अमेरिकेत या शब्दाला सरकारी शाळा मिळाली ती मॅसॅच्युसेट्समध्ये. १८३७ साली होरेस मान तिथल्या शिक्षण मंडळाचे सचिव झाले. गरीब-श्रीमंतांची मुलं एकत्र शिकतील अशी, करातून चालणारी ‘कॉमन स्कूल’ त्यांना हवी होती. पण शिकवणार कोण? तेव्हाचे बरेच मास्तर दुसरं काम नसेल तेव्हा चार महिने शिकवणारे. एडमंड ड्वाइट या व्यापाऱ्याने दहा हजार डॉलर देऊ केले, तेवढेच राज्याने घातले आणि ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन गावात देशातली पहिली सरकारी नॉर्मल शाळा उघडली. पहिल्या दिवशी विद्यार्थिनी आल्या तीन.

१८५२ चा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटल्याचा निकाल, हे टप्पे सगळे सांगतात. लेक्सिंग्टन क्वचितच कुणी सांगतं. मला तो टप्पा तितकाच मोलाचा वाटतो. शिकवणं हे शिकून घ्यायचं काम आहे, हे एका राज्याने तिथे पैसे मोजून मान्य केलं. गुलामगिरी संपल्यावर कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या हॅम्प्टन आणि टस्कीगी या संस्थांच्या मूळ नावांतही ‘नॉर्मल’ होतं, ते याच अर्थाने.

विसाव्या शतकात ‘साधारण’ हा अर्थ वरचढ झाला. नॉर्मल शाळा आधी टीचर्स कॉलेज झाल्या, मग विद्यापीठं. लेक्सिंग्टनची शाळा आज फ्रेमिंगहॅम स्टेट युनिव्हर्सिटी आहे. इलिनॉयमधल्या एका गावाने मात्र आपल्या नॉर्मल विद्यापीठावरून १८६५ मध्ये घेतलेलं ‘नॉर्मल’ हे नाव अजून टिकवलं आहे.

सावित्रीबाई फुले यांच्या चरित्रांत पुण्याच्या मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलचा आणि अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्याकडे घेतलेल्या प्रशिक्षणाचा उल्लेख येतो. तिथला ‘नॉर्मल’ वाचताना सुताराचा गुण्या आठवा. ‘साधारण’ हा अर्थ तिथे लावू नका.