पार्ट ओरिजिनल आहे, पण फोन ओळखत नाही: दुरुस्तीच्या हक्काची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

गेल्या पावसाळ्यात बसमधून उतरताना माझा फोन हातातून निसटला आणि तोंडावर आपटला. स्क्रीनची पार जाळी झाली. सर्व्हिस सेंटरने जो आकडा सांगितला, त्यात थोडे पैसे घातले असते तर नवा फोन आला असता. मग मी पुण्यातला कुठलाही माणूस करेल तेच केलं. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली गाठली. तिथल्या दादांनी त्याच मॉडेलच्या एका बंद पडलेल्या फोनची स्क्रीन काढून माझ्या फोनला बसवली. फोन सुरू झाला आणि मेसेज आला: हा पार्ट ओळखता येत नाही. ऑटो ब्राइटनेसही गायब.

"दादा, स्क्रीन ओरिजिनल आहे ना?"

"कंपनीचीच आहे साहेब. फोनच तिला ओळख दाखवत नाही." माझ्या गळ्यातल्या आयडी कार्डाकडे बघून ते हसले. "हे आता स्क्रूड्रायव्हरचं काम नाही राहिलं. तुमच्या लोकांचं झालंय."

तुमच्या लोकांचं, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांचं. ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून आजचा भाग.

झाकण उघडं होतं तेव्हा

हा इतिहास मी मुख्यतः एकाच कंपनीच्या उदाहरणातून सांगणार आहे, कारण तिच्याकडे सगळे टप्पे ओळीने सापडतात. ती कंपनी ॲपल.

१९७७ साली ॲपल २ हा कॉम्प्युटर आला. स्टीव्ह वॉझ्नियॅकने डिझाइन केलेला. त्याचं झाकण हाताने उचलता यायचं. आत आठ स्लॉट होते, हवं ते कार्ड लावा. पुढच्या वर्षी आलेल्या मॅन्युअलमध्ये तर सर्किटचा अख्खा नकाशा आणि आतल्या मूळ प्रोग्रामची यादीही छापलेली होती. मशीन तुमचं, तर तिची माहितीही तुमची, इतका साधा हिशोब.

१९८४ साली मॅकिंटॉश आला आणि हिशोब बदलला. कार्ड लावायला स्लॉट नाहीत. खोबणीत खोल बसवलेले स्क्रू, आणि ते काढायला लांब दांड्याचा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर. तो तेव्हा घराघरांत नसायचा. गंमत बघा, त्या बंद पेटीच्या आतल्या बाजूला ती बनवणाऱ्या टीमच्या सह्या कोरलेल्या होत्या. गिऱ्हाइकाने जिथे बघूच नये, नेमकं तिथे!

२००९ मध्ये मॅकबुक प्रोच्या बॅटरीवर एक नवाच स्क्रू दिसला, पाच पाकळ्यांचा, पेंटालोब. पुढे तो आयफोन ४ वरही आला. पण स्क्रू शेवटी लोखंडाचाच. आयफिक्सिटसारख्या कंपनीने त्याचा स्क्रूड्रायव्हर विकायला काढला आणि गल्लोगल्लीचे कारागीर पुन्हा कामाला लागले.

कुलूप कोडमध्ये गेलं

खरी कलाटणी २०१६ ची. आयफोन ६ च्या होम बटणात फिंगरप्रिंट सेन्सर होता आणि प्रत्येक सेन्सरची जोडी त्याच फोनच्या प्रोसेसरशी लावलेली होती. ज्यांनी बाहेरच्या दुकानात बटण बदललं, त्यांचे फोन महिनोन्‌महिने नीट चालले. मग एक दिवस त्यांनी सिस्टिम अपडेट केली. समोर आलं 'एरर ५३'. फोन ठप्प. फोटो, मेसेज, सगळं आत अडकलेलं.

ॲपलने आधी सांगितलं की ही सुरक्षेसाठीची तपासणी आहे. ओरड वाढल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्येच दुरुस्त अपडेट दिली, आणि म्हटलं की ही फॅक्टरीतली चाचणी होती, ग्राहकांना तिचा त्रास व्हायला नको होता. ऑस्ट्रेलियातल्या ग्राहक आयोगाने प्रकरण कोर्टात नेलं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून मोफत सेवा मिळणार नाही, असं किमान २७५ ग्राहकांना सांगितलं गेल्याचं ॲपलने मान्य केलं. २०१८ मध्ये कोर्टाने ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

आता इंजिनिअर म्हणून प्रामाणिकपणे सांगतो, सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. कुणी बनावट सेन्सर बसवून तुमचा फोन उघडू नये, हे बरोबरच आहे. पण त्यासाठी फिंगरप्रिंट बंद ठेवला तरी पुरतं. अख्खा फोन मारायची गरज नव्हती. नंतरच्या अपडेटमध्ये नेमकं तेच झालं: फोन चालू, फिंगरप्रिंट बंद.

मग कंपन्या दुरुस्तीला एवढ्या का बिचकतात? याचं उत्तर पुढच्या प्रकरणात सापडतं. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं की जुनी बॅटरी असलेले फोन आपणच हळू केले होते, ते अचानक बंद पडू नयेत म्हणून. माफी मागून अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला. लोकांनी बॅटऱ्या बदलल्या आणि जुनेच फोन वापरत राहिले. जानेवारी २०१९ मध्ये टिम कुकने गुंतवणूकदारांना पत्र लिहिलं. विक्री अपेक्षेपेक्षा कमी का झाली याच्या कारणांमध्ये स्वस्तात बदललेली बॅटरीही होती.

कायदा मागून येतो

कोडमधल्या कुलपावर पहिला थेट घाव घालणाऱ्यांमध्ये अमेरिकेचं ऑरेगन राज्य आहे. २०२४ च्या तिथल्या कायद्याने पार्टची अशी जोडी लावून दुरुस्ती अडवायला मनाई केली. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येईल अशी असावी, असा नियम आहे.

आपल्याकडे ही लढाई फोनच्या आधी गाड्यांवरून झाली. स्पेअर पार्ट आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळत नाहीत, अशी तक्रार एका नागरिकाने केली. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. कंपन्या अर्थातच पुढे कोर्टात गेल्या. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती उपकरणं, वाहनं, अशी चार क्षेत्रं. डिसेंबरमध्ये पोर्टल आलं. स्वतंत्र कायदा मात्र अजून नाही.

आणि माझी ओळ

आता जे सांगायचं टाळत होतो ते. आधीच्या एका नोकरीत मी एका छोट्या उपकरणासाठी कोड लिहिला होता. बॅटरीचा आयडी जुळला नाही तर चार्जिंग बंद. टिकटवर कारण होतं 'सेफ्टी'. जेवणाच्या सुट्टीआधी काम संपवलं, रिव्ह्यू पास झाला. दोन वर्षांनी ही बॅटरी कोण आणि कशी बदलणार, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. मीही नाही. माझ्या त्या चार ओळींमुळे कुठल्यातरी गल्लीत एखादा दादा गिऱ्हाइकाला सांगत असेल, 'पार्ट चांगला आहे, पण चालणार नाही.' ऐकणाऱ्यांत आपल्या फील्डमधले बरेच जण आहेत. असं टिकट आलं तर एवढं तरी विचारा: चार्जिंग बंद करायच्या ऐवजी नुसती सूचना दाखवून भागेल का?

बाकीच्यांनी फोन घेताना कॅमेऱ्याइतकंच हेही विचारा: बॅटरी आणि स्क्रीन बदलायला किती पडतील? पार्ट किती वर्षं मिळतील? आणि दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या.

२०२१ मध्ये वॉझ्नियॅकने एका व्हिडिओत दुरुस्तीच्या हक्काला उघड पाठिंबा दिला. तो म्हणाला त्याचा आशय असा की तंत्रज्ञान तेव्हा इतकं खुलं नसतं तर ॲपलच झाली नसती. झाकण उघडं ठेवणाराच तो. त्याला ठाऊक असणारच.

माझा फोन अजून चालतो. तो मेसेज अजूनही येतो. भेटू पुढच्या भागात!