टीपॉय, वक्र काचेचा

बैठकीच्या खोलीत कोचापुढे ठेवायचा ठेंगणा टीपॉय. यात काचेचा जाड तक्ता भट्टीत मऊ करून वाकवलेला असतो. पाय आणि वरचा पृष्ठभाग एकाच अखंड तक्त्यातून घडतात. वक्र रेषेत कापलेली सपाट काच आणि प्रत्यक्ष वाकवलेली काच यांची गल्लत वारंवार होते. शिल्पकार इसामू नोगुची यांच्या १९४४ च्या आराखड्यावरून हर्मन मिलर कंपनीने बाजारात आणलेला प्रसिद्ध टीपॉय पहिल्या प्रकारातला आहे. त्यातले शिल्प खालच्या दोन लाकडी तुकड्यांत आहे, वरची काच सपाटच आहे. दुसऱ्या प्रकाराचा आद्य नमुना म्हणून इटलीतील पिएत्रो किएझा यांनी १९३२ मध्ये फोंताना आर्ते कंपनीसाठी केलेल्या टीपॉयकडे बोट दाखवता येते. १९८७ मध्ये चिनी बोएरी आणि तोमू कातायानागी यांनी फियाम कंपनीसाठी १२ मिमी जाडीच्या एकाच तक्त्यातून खुर्ची घडवली, तेव्हा या तंत्राची ताकद सर्वांना दिसली.

या वस्तूचा इतिहास बहुधा आराखडाकारांच्या नावांनी सांगितला जातो. तो काचेच्या तक्त्यापासून सांगायला हवा, आणि तसा सांगितला की त्यात चेन्नईला जागा द्यावी लागते. किएझांच्या काळी निर्दोष जाड काच मिळवायची तर तक्त्याच्या दोन्ही बाजू घासून चकाकी आणावी लागे, म्हणून वाकवलेला टीपॉय ही मोजक्या धनिकांची वस्तू राहिली. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीत वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगत पसरते आणि दोन्ही पृष्ठभाग घासल्याविना सपाट व समांतर होतात. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर येथे सेंट-गोबेन कंपनीचा फ्लोट काचेचा कारखाना २००० मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात तळेगावचा पैसाफंड कारखाना आणि ओगलेवाडी यांनी काचधंद्याची परंपरा उभी केली खरी, पण ती मुख्यतः कंदिलाच्या चिमण्या, बरण्या अशा पोकळ वस्तूंची. सपाट काचेचा धंदा हा वेगळाच वंश आहे.

चेन्नईत काच सपाट बनते, वाकवतात दुसरेच, मग श्रेय कसले, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर वाकवण्याच्या क्रियेतच आहे. तक्ता साच्यावर ठेवून सुमारे ६०० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. काच मऊ होते आणि स्वतःच्या वजनाने साच्यात बसते. मोटारीची पुढची काचही मुळात याच तत्त्वावर वळवली जाते. फ्लोट काचेच्या एका बाजूला कथलाचा सूक्ष्म अंश उतरलेला असतो. वळणाच्या आतल्या अंगाला ती बाजू आली, तर दाबाखाली निळसर धुरकट झाक उमटते आणि पुसून जात नाही. म्हणून कसबी कारागीर भट्टीत घालण्यापूर्वी तक्त्यावर अतिनील दिवा धरतो; कथलाची बाजू दुधी चमकते, आणि ती तो बाहेरच्या अंगाला ठेवतो. कारखान्यात ठरलेली गोष्ट टीपॉयच्या अंगावर अशी कायम राहते. चेन्नईची दमट समुद्री हवाही इथे मध्ये येते. थप्पीतल्या दोन तक्त्यांमध्ये ओल अडकली, तर काचेतील सोडियम बाहेर पडून पृष्ठभाग पांढुरका होतो. म्हणून तक्त्यांमध्ये कागद किंवा भुकटी घालतात. घरात उघडा असलेला टीपॉय मात्र या हवेत न फुगतो, न त्याला वाळवी लागते. लाकडाला तेवढी खात्री देता येत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो रास्त आहे. टफन्ड, म्हणजे तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली, काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तर तिचे बोथट दाणे होतात. पण ती टफ करताना हवेचा झोत सर्व बाजूंनी सारखा लागावा लागतो. खोल वळणांत ते साधत नाही, त्यामुळे पुष्कळ वक्र टीपॉय टफन्ड नसतात. अशा वेळी दोन तक्ते मधल्या प्लास्टिकच्या थराने जोडलेली लॅमिनेटेड काच घ्यावी, किंवा निदान सावकाश थंड केलेली, कडा घोटलेली जाड काच घ्यावी. विक्रेत्याने यातले काय आहे हे लेखी सांगायलाच हवे. भारतीय मानक आयएस २५५३ सुरक्षा-काचेसाठी आहे.

मापे व वजन : ठराविक माप नाही; १२ मिमी जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३० किलो.

रंग : जाड कडेला दिसणारी हिरवी छटा वाळूतल्या लोहामुळे येते, कमी लोहाची काच महाग पडते.