खिशातला चाकू आणि प्रवासातील तपासणी

पणजीहून चोर्ला घाटमार्गे बेळगाव आणि पुढे निपाणीमार्गे कोल्हापूर गाठणारा प्रवासी एकाच दिवसात तीन राज्यांच्या हद्दीतून जातो. त्याच्या पिशवीत फळे कापायची सुरी असते, चंचीत अडकित्ता असतो, किल्ल्यांच्या जुडग्याला घडीचा छोटा चाकू अडकवलेला असतो. पाते नऊ इंचांहून लहान असेल तर कोणी हरकत घेऊ शकत नाही, असा समज सर्वत्र आढळतो. तो शस्त्रविषयक नियमांतील एका तरतुदीपुरता खरा आहे. प्रवासात त्याशिवाय वाहतूक यंत्रणेचे नियम आणि प्रशासनाचे तात्पुरते आदेशही लागू होतात. या तिन्हींची सरमिसळ झाली की निरुपद्रवी वस्तूपायी विमान चुकते किंवा पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

शस्त्र कायद्यातील तरतूद

शस्त्र कायदा, १९५९ नुसार निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी तयार केलेली वस्तू ‘शस्त्र’ ठरत नाही. शस्त्र नियम, २०१६ मध्ये तलवार, खंजीर, भाला यांच्यासोबत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात मोडतात. मात्र घरगुती, शेतीविषयक, शास्त्रीय अथवा औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळली आहेत. म्हणजेच माप आणि प्रयोजन असे दोन निकष आहेत. ऊसतोड कामगाराचा कोयता, निपाणी परिसरातील विडी कामगार महिलेची पाने कापायची कात्री किंवा तंबाखूच्या शेतातला विळा या वस्तू प्रयोजनामुळे शस्त्राच्या व्याख्येबाहेर राहतात.

याच कायद्याच्या कलम ४ खाली केंद्र सरकार एखाद्या क्षेत्रासाठी अधिक कडक बंधन अधिसूचित करू शकते. दिल्लीसाठी १९८० मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार खटक्याच्या किंवा कळ दाबून उघडणाऱ्या चाकूचे पाते ७.६२ सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच, लांब आणि १.७२ सेंटिमीटर रुंद असले तरी तो विनापरवाना बाळगणे गुन्हा ठरतो. गावी चालणारा चाकू राजधानीत चालेलच असे नाही, हे उत्तरेकडे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

बस, रेल्वे आणि मेट्रो

कदंब, एसटी किंवा वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या बसमध्ये चढताना विमानतळासारखी झडती होत नाही. तपासणी होते ती रस्त्यावरील नाक्यांवर. गोव्याच्या बाजूला केरी आणि मोले, चोर्ला घाट ओलांडल्यावर कणकुंबी, तर निपाणीजवळ राष्ट्रीय महामार्गावर कोगनोळी ही त्यांतील परिचित ठिकाणे. निवडणुकीच्या काळात येथे सामानाची कसून पाहणी होते. तिचा रोख मुख्यत्वे रोकड, मद्य आणि शस्त्रे यांवर असतो.

रेल्वेत स्फोटके, ज्वालाग्राही पदार्थ आणि इतर धोकादायक माल नेण्यास रेल्वे कायदा, १९८९ प्रतिबंध करतो. जेवणाच्या डब्यासोबतची सुरी त्या प्रकारात येत नाही. तरीही संशय आल्यास रेल्वे सुरक्षा दल किंवा रेल्वे पोलीस सामान तपासू शकतात. मेट्रोची शिस्त याहून कडक आहे. निपाणीहून पुण्याला किंवा बेळगावहून बेंगळुरूला गेलेल्या प्रवाशाला मेट्रो स्थानकात क्ष-किरण यंत्रातून पिशवी द्यावी लागते आणि धारदार वस्तू तेथे अडवली जाते. बसमध्ये दिवसभर निर्वेध सोबत आलेला चाकू येथे प्रथमच अडचणीचा ठरतो.

विमानतळ

सांबरा, दाबोळी आणि मोपा या तिन्ही विमानतळांवर नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्युरोचे नियम लागू आहेत. चाकू, बहुउपयोगी घडीचे हत्यार आणि वस्तरा हातातल्या सामानात नेता येत नाही. पाते किती लहान आहे याला येथे महत्त्व नाही. या वस्तू नीट गुंडाळून नोंदणी केलेल्या सामानात ठेवता येतात. चंचीतल्या अडकित्त्याचीही रवानगी तिकडेच करावी.

या कठोरतेमागे अनुभव आहे. २९ सप्टेंबर १९८१ रोजी कृपाणधारी अपहरणकर्त्यांनी इंडियन एअरलाइन्सचे विमान लाहोरला नेले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानाच्या अपहरणात एका प्रवाशाची चाकूने हत्या झाली. अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ पूर्वी चार इंचांहून लहान पात्याचे चाकू विमानात नेता येत असत. त्या हल्ल्यानंतर ती मुभा संपली. २०१३ मध्ये तेथील यंत्रणेने सहा सेंटिमीटरपर्यंतच्या चाकूला पुन्हा परवानगी देण्याचे जाहीर केले; परंतु विमान कर्मचाऱ्यांच्या तीव्र विरोधामुळे तो निर्णय अमलात येण्यापूर्वीच मागे घ्यावा लागला.

भारतात याला एक अपवाद आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात कृपाण बाळगणे शीख धर्माचरणाचा भाग मानले आहे. त्यानुसार देशांतर्गत उड्डाणात शीख प्रवाशाला एकूण नऊ इंच लांबीचे व सहा इंचांपर्यंत पात्याचे कृपाण नेता येते.

मनाई आदेशाचे दिवस

सीमाभागातील प्रवाशाच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. १ नोव्हेंबरचा काळा दिन, बेळगावातील सुवर्ण विधानसौधमध्ये भरणारे अधिवेशन किंवा सीमाप्रश्नावरून निर्माण होणारा तणाव अशा वेळी मनाई आदेश निघतात. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडी टोल नाक्याजवळ महाराष्ट्रातील ट्रकांवर दगडफेक झाली आणि आंतरराज्य बससेवा विस्कळीत झाली, हे वाचकांना आठवत असेल.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढलेला आदेश सामान्यतः दोन महिन्यांपर्यंत लागू राहू शकतो. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ मध्ये ज्या वस्तू बाळगण्यास मनाई करता येते, त्यांत चाकू, काठी व लाठी यांचा स्पष्ट उल्लेख आहे आणि पात्याच्या मापाची अट नाही. सरकारच्या मंजुरीविना हा आदेश पंधरा दिवसांहून अधिक चालत नाही. असे आदेश ठरावीक हद्दीपुरते असतात. त्यामुळे कागलपर्यंत एक स्थिती आणि कोगनोळीपासून दुसरी, असे घडू शकते. कामाचे हत्यार घेऊन निघालेल्या मजुराने आदेशातील सवलती आधी विचारून घ्याव्यात.

प्रवाशाने घ्यावयाची दक्षता

निघण्यापूर्वी वाटेतील प्रत्येक जिल्ह्यात मनाई आदेश आहे का, हे पाहावे. सुरी, कात्री, कोयता यांची पाती कापडात बांधून सामानाच्या तळाशी ठेवावीत. कमरेला किंवा खिशात ठेवू नयेत. विचारणा झाल्यास वस्तू लपवू नये आणि तिचे प्रयोजन सांगावे. विमानतळावर चाकू सापडल्यास वेळ असेल तर तो नोंदणीच्या सामानात टाकण्याची किंवा सोडायला आलेल्या नातेवाइकाकडे देण्याची विनंती करता येते.

पोलिसांनी वस्तू जप्त केल्यास तिची यादी करणे व साक्षीदारांच्या सह्या घेणे ही कायदेशीर पद्धत आहे. त्या यादीची प्रत मागावी. बेळगाव जिल्ह्यात हा कागद बहुधा कन्नडमध्ये असतो. ती लिपी वाचता येत नसेल तर मजकूर वाचून व समजावून घेतल्याखेरीज सही करू नये.