कॅश-सुसंगती दोष, ड्रायव्हरमधील

प्रोसेसरच्या कॅशमधली प्रत आणि मुख्य मेमरीतली प्रत वेगवेगळी असताना, त्यांतली शिळी प्रत खरी मानून उपकरणाने किंवा प्रोसेसरने काम केल्यास उद्भवणारा दोष. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमधील ड्रायव्हरांत तो आढळतो. प्रस्तुत नोंदीत लिनक्स कर्नल हा आधार धरला आहे.

नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर, कॅमेरा अशी उपकरणे डीएमए पद्धतीने, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, थेट मेमरीत वाचतात आणि लिहितात. प्रोसेसर मात्र मेमरी कॅशमधून पाहतो आणि तीही ओळीओळीने. ही ओळ बहुधा ६४ बाइटांची, काही चिपांत ३२ किंवा १२८ बाइटांची असते. प्रोसेसरने लिहिलेले बराच वेळ कॅशमध्येच राहू शकते. अनेक प्रोसेसरांच्या कॅश आपसांत जुळत्या ठेवण्याचे काम हार्डवेअर करते. त्यासाठीचा मेसी हा प्रसिद्ध शिष्टाचार इलिनॉय विद्यापीठातील पापामार्कोस आणि पटेल यांनी १९८४ मध्ये मांडला. एक्स८६ संगणकांत उपकरणांच्या डीएमएवरही हार्डवेअरची नजर असते. एआरएम आणि मिप्स कुळांतील अनेक चिपांत ती सोय सर्व उपकरणांना नसते. तेथे जबाबदारी कर्नलवर येते. म्हणून पीसीवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला ड्रायव्हर छोट्या एआरएम बोर्डावर चुकीचा डेटा देऊ लागतो. चूक आधीपासूनच असते, हार्डवेअर ती झाकत असते.

उपकरणाकडे डेटा पाठवताना कॅशमधला मजकूर आधी मेमरीत उतरवावा लागतो. उपकरणाकडून घेताना कॅशमधली जुनी प्रत रद्द करावी लागते. ही कामे ड्रायव्हरने स्वतः करू नयेत, कर्नलच्या डीएमए-एपीआयमधील फंक्शनांवर सोपवावीत, असा लिनक्सचा दंडक आहे. त्यांतले 'डीएमए_मॅप_सिंगल' बोलावताच बफरची, म्हणजे डेटा ठेवलेल्या मेमरीच्या तुकड्याची, मालकी उपकरणाकडे जाते आणि 'डीएमए_अनमॅप_सिंगल' नंतर ती प्रोसेसरकडे परत येते. तोच बफर पुन्हापुन्हा वापरायचा असेल, तर 'डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_सीपीयू' आणि 'डीएमए_सिंक_सिंगल_फॉर_डिव्हाइस' या जोडीने मालकी बदलते. डेटा कोणत्या दिशेने जाणार हेही खरे सांगावे लागते. या वर्गातले बहुतेक दोष मालकीचे दोष असतात. दिसेल तेथे कॅश रिकामी करण्याची आज्ञा पेरल्याने लक्षण दबते, वेग घटतो आणि मूळ चूक पुढच्या चिपवर पुन्हा डोके वर काढते.

मालकीचा नियम किती काटेकोर पाळावा लागतो, हे एआरएमच्या नव्या प्रोसेसरांनी दाखवले. ते पुढे लागेल अशा अंदाजाने मेमरी आधीच कॅशमध्ये ओढतात. डीएमए सुरू होण्यापूर्वी रद्द केलेली ओळ डीएमए चालू असतानाच परत भरली जाऊ शकते, आणि तीही जुन्या मजकुराने. त्यामुळे उपकरणाचे लेखन संपल्यावर पुन्हा एकदा ओळ रद्द करणे भाग पडते. अनमॅप करण्यात आळस केलेले ड्रायव्हर इथे उघडे पडतात.

याहून फसवा प्रकार सामायिक ओळीचा. एखाद्या स्ट्रक्चरमध्ये डीएमए बफर आणि त्याला खेटून साधा गणक असेल, तर दोघे एकाच कॅश-ओळीत येतात. उपकरण बफरमध्ये लिहीत असताना प्रोसेसरने गणक वाढवला की ती संपूर्ण ओळ मेमरीत उतरून उपकरणाचा डेटा पुसू शकते. उलट ओळ रद्द केल्यास गणकाची नवी किंमत हरवते. उपाय म्हणजे बफर 'केमॅलॉक' या कर्नलच्या मेमरी-वाटप फंक्शनाने स्वतंत्र घेणे किंवा त्याला पूर्ण ओळी राखून ठेवणे. फंक्शनच्या स्टॅकवरील बफर याच कारणाने डीएमएसाठी निषिद्ध आहे. २०१६ च्या अखेरीस आलेल्या ४.९ आवृत्तीत एक्स८६ वर स्टॅक आभासी मॅपिंगवर ठेवण्याची सोय झाली, तेव्हा तेथे स्टॅकवरून डीएमए करणेच अशक्य झाले. टीव्ही ट्यूनरच्या कितीतरी यूएसबी ड्रायव्हरांत हा नियम मोडलेला आढळला आणि ते दुरुस्त करावे लागले.

निदानात पहिली खूण म्हणजे बिघाडाचा आकार. खराब भाग नेमका ६४ च्या पटीत सुरू होऊन ६४ च्या पटीतच संपत असेल, तर संशय कॅशवर घ्यावा. तपासासाठी 'प्रिंटके' या संदेश छापणाऱ्या फंक्शनाची ओळ घातली की दोष नाहीसा होणे ही दुसरी खूण. त्या ओळीने वेळ बदलतो आणि कॅशमधल्या काही ओळी बाहेर पडतात. बफर तात्पुरता 'डीएमए_अलॉक_कोहेरंट'ने, म्हणजे प्रोसेसर आणि उपकरण दोघांना एकच मजकूर दाखवणाऱ्या सुसंगत मेमरीत, घेऊन पाहावा. त्याने दोष गेला, तर मॅपिंगच्या जोड्या तपासाव्यात. २००९ मधील २.६.३० आवृत्तीपासून कर्नलमध्ये डीएमए-एपीआय तपासणीची सोय आहे. चुकीची दिशा, जुळत नसलेली लांबी, विसरलेले अनमॅप अशा चुका ती नोंदवते, आणि विशेष म्हणजे सुसंगत हार्डवेअर असलेल्या पीसीवरही. प्रत्येक नव्या ड्रायव्हरची पहिली चाचणी ती चालू ठेवूनच व्हावी.

क्रमाचा दोष याहून निराळा, पण लक्षणे तीच. नेटवर्क कार्डाच्या वर्णनपत्रात, म्हणजे बफरची माहिती उपकरणाला देणाऱ्या मेमरीतल्या नोंदीत, पत्ता आणि लांबी लिहिण्याआधीच 'आता तुझे' हा बिट उपकरणाला दिसला, तर सुसंगत मेमरीही वाचवत नाही. तेथे 'डीएमए_डब्ल्यूएमबी' हा अडसर हवा. तो २०१५ च्या ३.१९ आवृत्तीत आला.

क्वचित ड्रायव्हर निर्दोष असतो. बोर्डाच्या हार्डवेअरचे कर्नलसाठी वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीमध्ये 'डीएमए-कोहेरंट' हा गुणधर्म चुकून लिहिला गेला, तर कर्नल कॅशची सारी कामे गाळतो. अशा वेळी दुरुस्ती त्या एका ओळीत करावी, ड्रायव्हरला हात लावू नये.